‘आणि’चं चित्र

जून संपता संपता पहिलीच्या वर्गात शब्दपट्ट्या चढतात. कमळ, घर, बदक, मगर. खाली शब्द, वर चित्र. पोरं चित्राकडे बघून शब्द म्हणतात आणि बाईंना वाटतं, वाचायला लागली. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. मग एका पावसाळ्यात मी त्याच रांगेत ‘आणि’ची पट्टी डकवली. पुढच्या बाकावरचा एक पोरगा मान वाकडी करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, ह्येचं चित्र ऱ्हायलंय.”

आता ‘आणि’चं चित्र काय काढणार? तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या काढल्या तर अख्खा वर्ग ‘मटण’ म्हणून ओरडेल. कोल्हापूरच आहे हे. दोन वाट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला ‘आणि’ म्हणायचं कुणाला सुचणार?

‘आणि’, ‘आहे’, ‘नाही’, ‘पण’, ‘मग’, ‘होता’, ‘म्हणून’. हे शब्द म्हणजे लग्नातले वाढपी. मांडवभर तेच पळत असतात, अल्बममध्ये एकाचाही फोटो नसतो. कुठल्याही पुस्तकाचं कुठलंही पान काढा, दर ओळीला ह्यांतला एखादा भेटतोच. आणि मोठ्यानं वाचताना पोरगं अडखळतं तेही बहुतेक इथंच. ‘मगर’ वाचतं, ‘पाण्यात’सुद्धा वाचतं आणि ‘होती’पाशी येऊन छताकडे बघतं.

इंग्रजीत ह्या वाढप्यांचा रीतसर हजेरीपट आहे. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९३६ साली, मुलांच्या वाचनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या २२० शब्दांची यादी छापली. त्यात एकही नाम नाही. नामं विषयाबरोबर बदलतात, आज मांजर तर उद्या आगगाडी, म्हणून ९५ नामांची यादी त्यांनी वेगळी ठेवली. राहिले ते ‘द’, ‘ऑफ’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘देअर’ असले. लहान मुलांच्या गोष्टीतले निम्म्याहून जास्त शब्द ह्या २२० मधलेच निघतात. ‘साइट वर्ड्स’ म्हणतात ह्यांना, म्हणजे नजर पडताक्षणी ओळखायचे शब्द. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर कधीतरी एका प्रशिक्षणात ही यादी झेरॉक्स होऊन आमच्या हातात पडली. बरोबर सूचना अशी की कार्डं करा, झटकन दाखवा, झटकन मागे घ्या, रोज दहा.

मी केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर जाड स्केचपेननं शब्द लिहिले. महिन्याभरात पोरं धडाधडा ओळखायला लागली. मी खूष. एके दिवशी कार्डांचा गठ्ठा घरी राहिला म्हणून तेच शब्द फळ्यावर लिहिले, तर वर्गात चिडीचूप. ‘सेड’ कुणालाच येईना. दुसऱ्या दिवशी कार्ड दाखवल्याबरोबर पुन्हा सगळे ‘सेड!’ मी कार्ड उलटसुलट करून बघितलं. डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता, माझ्याच डब्याचा. पोरं डाग वाचत होती.

मला माझी आज्जी आठवली.

आज्जी बांबवड्याजवळच्या एका वाडीतली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आज्जी जन्मली तोवर महाराज जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वाडीतल्या मुलींपर्यंत शाळा काही पोचली नव्हती. पण आज्जी एकटी एसटीनं आमच्याकडे कोल्हापूरला यायची. पाटी ‘वाचून’ बसायची. तिची खूण ठरलेली होती. पाटीच्या शेवटाला एक अक्षर, त्याच्या पायात आकडा अडकवलेला, आणि त्याला खेटून एक बारकं अक्षर. म्हणजे ‘पूर’. वर्षानुवर्षं तिचं काही अडलं नाही. मग एकदा बांबवड्याच्या स्टँडवर दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. आज्जी चढली, खिडकी धरून बसली. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा गाडी गावाबाहेर पडलेली. “आज्जे, ही मलकापूरला चाललीया.” आज्जीनं त्यालाच झापलं, “पाटी तर तीच हाय की!”

अर्धी पाटी तीच होती, त्यात तिची काय चूक! शब्दाचा चेहरा लक्षात ठेवून वाचणाऱ्याची गाडी कधी ना कधी मलकापूरला जातेच. माझ्या वर्गात रोज जात होती. ‘वॉज’ला ‘सॉ’ वाचायचे. अक्षरं तीच तीन, फक्त उलटी. ‘ऑन’ला ‘नो’. मराठीत ‘होता, होती, होते’ ह्यांतलं ‘हो’ बघायचं आणि पुढचं मनाला येईल ते म्हणायचं. लिनिया एरी ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी हेच आयुष्यभर अभ्यासलं. पट्टीचा वाचणारा शब्द एका नजरेत ओळखतो, कारण त्याच्या डोक्यात त्या शब्दातलं एकेक अक्षर त्याच्या आवाजाशी बांधलेलं असतं. शब्दाच्या बाह्य आकाराचा फोटो तिथं नसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नजरेचा शब्द नजरेनं शिकवायचा नाही. मग कशानं?

परदेशातल्या व्हिडिओंत ट्रेमध्ये रंगीत वाळू असते आणि गोरी गोरी पोरं त्यात बोटानं लिहीत असतात. मी घरातली परात आणि पाव किलो रवा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी रवाच कमी झाला. कोण खात होतं ते मी विचारलं नाही, सगळ्यांचेच ओठ पांढरे होते. मग रांगोळी आणली. ती बोटाला कचकचते, आणि कुणीतरी फुंकर मारली की मागच्या रांगेतला डोळे चोळत बसतो. मी परात घरी न्यायच्या बेतात होते, तेवढ्यात तोच मान वाकडी करणारा पोरगा म्हणाला, “बाई, आमच्या तालमीतली माती आणू व्हय?”

“वस्ताद देतील?”

“इच्यारतो की.”

तालीम शाळेच्या मागच्याच गल्लीत. सिमेंटच्या झटकलेल्या पिशवीतून माती आली. ज्यांनी कुस्तीच्या हौद्यातली माती हातात घेतली नसेल त्यांना सांगते, ती साधी माती नसतेच. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मुरवलेलं असतं, आणि रोज पहाटे पोरं ती खोऱ्यानं खालीवर करतात. परातीत ओतली तेव्हा वर्गभर आंबूस, तेलकट वास पसरला. वाळूत बोटानं रेघ ओढली की कडा ढासळून रेघ बुजते. ही माती किंचित ओशट, त्यामुळं रेघ धरून ठेवते. बोट जाईल तिथं चर पडतो आणि चर तसाच राहतो. अक्षर डोळ्यांना दिसतं, आणि डोळे मिटून पुन्हा त्याच चरातून बोट फिरवता येतं.

पहिला मान अर्थातच त्याचा. परातीपुढं मांडी घातली, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मग बोट पुढं केलं. हौद्यात उतरताना लावतात तशी. त्यानंतर वर्षभर चाळीसच्या चाळीस पोरं कपाळाला माती लावल्याशिवाय ‘आणि’ लिहायला तयार नसत. संध्याकाळी आया विचारायच्या, शाळेत कुस्ती शिकवता काय म्हणून.

‘आणि’ लिहायला वाटतो तेवढा सोपा नाही. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, ऐकू येते अक्षराच्या नंतर. पोरं डावीकडून उजवीकडे बघत जातात, ‘आ’ झाला की समोर वेलांटीची काठी उभी, ती कुणाची ह्याचा पत्ता नाही. म्हणून वह्यांतून हमखास वेलांटी ‘आ’च्या गळ्यात पडलेली सापडते. परातीत आम्ही ते असं केलं. तोंडानं ‘आ’ म्हणताना बोटानं ‘आ’. मग एक बोटभर जागा मोकळी सोडायची. पुढं ‘ण’ म्हणत ‘ण’. आता बोट मागे आणायचं, मोकळ्या जागेत काठी उभी करायची, तिथनं वर जाऊन ‘ण’च्या डोक्यावर कमान टाकायची, आणि कमान टाकताना तोंडात ‘इ’ असला पाहिजे. तोंड पुढं जातंय आणि हात मागे येतोय, हे पोरांना भयंकर आवडलं. “रिव्हर्स, रिव्हर्स” असं ओरडत लिहायचे. आठवड्याभरात वह्यांतल्या वेलांट्या आपापल्या घरी गेल्या. ‘किती’, ‘तिथे’, ‘दिवस’ ह्यांतल्यासुद्धा. ते शब्द तर मी परातीत घेतलेही नव्हते.

मोठ्यानं म्हणणं आणि लिहिणं एकाच क्षणी व्हायला पाहिजे, हे मला त्या पोराकडून कळलं. तालमीत वस्ताद ‘ढाक’ म्हणतात त्याच क्षणी ह्याचं अंग ढाक लावत असतं. “आधी नाव सांगून मग डाव केला तर तोवर समोरचा चीत करतोय की बाई.” ग्रेस फर्नाल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई कॅलिफोर्नियात १९२०च्या दशकात जवळपास हेच सांगत होत्या. कागदावर मोठ्या अक्षरात शब्द लिहून द्यायचा, पोरानं तो बोटानं गिरवायचा, गिरवताना त्याचे तुकडे तोंडानं म्हणायचे, आणि जमेल असं वाटलं की कागद झाकून मनानं लिहायचा. चुकला तर मधलंच अक्षर खोडून दुरुस्त करायचं नाही. पहिल्यापासून अख्खा शब्द पुन्हा. आणि शब्द पोराला हवा असलेला घ्यायचा. हा शेवटचा भाग मला सगळ्यात पटला.

ह्याला कागदोपत्री ‘बहुसंवेदी अध्ययन’ म्हणतात. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हा शब्द उच्चारला की मागच्या रांगेत जांभया सुरू होतात, त्यात मीही असते. खरं म्हणजे आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. धूळपाटीवर धुळाक्षरं काढायची आपली जुनी रीत. नुसतं ह्या एका कामासाठी आपल्याकडे ‘गिरवणे’ असं वेगळं क्रियापद आहे, आणि कुठलंही काम सुरू केलं की आपण त्याचा ‘श्रीगणेशा’ करतो, तो पाटीवरचाच. माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये बालघर काढलं आणि खरखरीत कागदाची अक्षरं पोरांच्या बोटांखाली दिली; ताराबाई मोडकांनी ती पद्धत आपल्याकडे आणताना महागडी साधनं सोडून आसपासच्या फुकटच्या वस्तू घेतल्या. माझ्या वर्गात चिंचोके आहेत, सुताराकडचा पॉलिश पेपर आहे. पण पोरांचा ओढा परातीकडेच.

इंग्रजीची गोष्ट मात्र वेगळी निघाली. आपलं ‘क’ हे अक्षर ‘क’ असाच आवाज करतं. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसराच. ‘डब्ल्यू-ए-एस वॉज’ असं घोकणाऱ्या पोराच्या तोंडात ‘वॉज’मधला एकही आवाज धड येत नाही. मी स्वतः ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ ह्या पाळण्यावर वाढले, त्यामुळं हा ताल मोडायला मला पोरांपेक्षा जास्त दिवस लागले. ‘सेड’ (said) घ्या. आवाज तीन, स्, ए, ड्, अक्षरं चार. पहिलं आणि शेवटचं सरळमार्गी आहे, वाकडेपणा सगळा मधल्या जोडीत, ए (a) आणि आय (i) ह्या दोन अक्षरांत. मग परातीत ‘स्’ साधा काढायचा, मधली दोन अक्षरं ‘ए’ म्हणत दाबून, खोल, पार परातीचा पत्रा लागेपर्यंत, आणि ‘ड्’ पुन्हा साधा. अवघड जागा नेमकी कुठं आहे ते बोटाला कळतं. ह्या निमित्तानं डॉल्चच्या यादीतल्या शब्दांची मी निवड केली तर ‘इट’, ‘कॅन’, ‘बिग’, ‘रन’ असे ढीगभर शब्द निघाले, जे सरळ आवाज जोडून वाचता येतात. ते उगाच पाठ करून घेत होते मी. खरे वाकडे थोडेच, तेवढ्यांनाच माती.

एक मात्र कबूल करते. मातीनं झालं की मी शेजारी बसले म्हणून झालं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. एकदा हजेरीचं काम होतं म्हणून परात पोरांच्या ताब्यात देऊन मी टेबलाशी बसले. अर्ध्या तासानं जाऊन बघते तर परातीत दोन साप, एक विमान आणि मिशीवाला पैलवान. अक्षर एक नाही. बोटाला माती लागली म्हणजे शब्द डोक्यात गेला असं नसतं. तोंड गप्प असलं की ते नुसतं खेळणं. खेळायलाही माझी हरकत नाही, पण ते वाचन शिकणं नव्हे.

त्याच वर्षी तपासणीला एक साहेब आले, पलीकडच्या कुठल्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले. एका मुलीला उभं केलं. पुस्तकात होतं, ‘मी शाळेत जाते. माझी शाळा मोठी आहे.’ तिनं खणखणीत आवाजात वाचलं, “मी शाळंत जातो. माजी शाळा मोटी हाय.” साहेब हसले. मुलगी असून ‘जातो’? मग वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना कोण सांगणार, की कोल्हापुरात घरोघरी पोरी ‘मी येतो’, ‘मी जातो’च म्हणतात, माझी आई अजून म्हणते.

साहेब गेल्यावर मी बराच वेळ त्या वाक्याशी अडून बसले. मुलीला अर्थ पुरता कळला होता. इतका, की तिनं पुस्तकाची भाषा वाचता वाचता घरच्या भाषेत उलथून टाकली. ज्याला कळत नाही त्याला हे जमणारच नाही. पण तिची नजर ‘ते’वरून आणि ‘आहे’वरून घसरून गेली, हेही खरंच. तेव्हा लक्षात आलं की छापील मराठीत सगळ्यात जास्त वेळा येणारे हे बारके शब्दच आमची पोरं कधी तोंडानं म्हणत नाहीत. ‘आहे’ला ‘हाय’, ‘नाही’ला ‘न्हाई’, ‘होतं’ला ‘व्हतं’, ‘आणि’ला ‘आन्’. इंग्रजीतला ‘वॉज’ त्यांना जितका परका, जवळपास तितकाच ‘आहे’.

दुसऱ्या दिवशी परातीपाशी खेळ मांडला. एकानं म्हणायचं, “आपुन म्हंतो हाय.” दुसऱ्यानं बोटानं लिहीत म्हणायचं, “पुस्तक म्हंतंय आ-हे.” ‘आ’ लांब, ‘हे’ची मात्रा वर फेकून. हाय चूक आहे असं मी एकदाही म्हटलं नाही, आणि त्या मुलीला ‘जाते’ लिहिताना ‘ते’ दाबून काढायला लावलं एवढंच. चार दिवसांनी तिनंच मला विचारलं, “बाई, पुस्तकातली पोरगी कुठल्या गावची?” मी म्हटलं, पुण्याकडची असावी.

दिवाळीनंतर मी प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द मागायला लावला. कुणी ‘ट्रॅक्टर’ मागितला, कुणी ‘रंकाळा’. तालमीतल्या पोरानं ‘वस्ताद’ मागितला. जोडाक्षर आलं, ‘स्’ अर्धा मोडून ‘ता’ला चिकटवताना दोनदा चुकला आणि दोन्ही वेळेला, मी न सांगता, पहिल्यापासून सुरुवात केली. मग वहीत न बघता लिहिलं, ‘मी आणि वस्ताद’. वेलांटी जिथल्या तिथं. खाली चित्र काढायला लागला. एक बारका माणूस, एक जाडा माणूस, दोघं वाकलेले, कपाळाला कपाळ, आणि मधे दोघांचे पंजे एकमेकांत अडकलेले. बोटं नीट निघत नव्हती म्हणून खोडरबरानं कागद भोकाला आला होता. वही माझ्यापुढं धरून त्यानं त्या पंजांवर बोट ठेवलं.

“बाई, ह्ये बगा आणि.”

मी ते पान त्याला विचारून फाडून घेतलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि भिंतीवर ‘आणि’च्या पट्टीवर लावलं. कमळाशेजारी, मगरीच्या आधी. एकदाचं चित्र मिळालं म्हणून मला केवढा आनंद झाला होता! येईल त्याला दाखवत सुटले होते.

पुढच्या जूनमध्ये नवी पहिली आली. मी फूटपट्टीनं कमळ दाखवलं, “कमळ!” पट्टी पुढं सरकवली. चाळीस पोरांनी एका सुरात वाचलं, “कुस्ती!”

चित्र उतरवून कपाटात ठेवलं आणि वरच्या फळीवरची परात खाली घेतली.